दुर्बिणीतून फोटोग्राफी करताना ऑटोगायडर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इक्वेटोरियल माउंट (आकाशाबरोबर फिरणारी दुर्बिणीची बैठक) आला, दुर्बिणीला कॅमेरा जोडला, दोन मिनिटांचं पहिलं एक्स्पोजर घेतलं आणि तारे गोल न येता लांबट आले, की ऑटोगायडरची चौकशी सुरू होते. खालची उत्तरं ३०० ते १००० मिमी फोकल लेंथच्या दुर्बिणी वापरणाऱ्या हौशी मंडळींना समोर ठेवून लिहिली आहेत. आपल्याकडचं आकाश, अक्षांश आणि हवा यांचा विचार जिथे करावा लागतो तिथे तो केला आहे.

ऑटोगायडर नेमकं करतो काय?

मुख्य दुर्बिणीच्या जोडीला एक छोटी दुर्बीण आणि तिच्यामागे एक छोटा कॅमेरा असतो. हा कॅमेरा दर एक-दोन सेकंदांनी एका ताऱ्याचा फोटो घेतो. ताऱ्याचा मध्य सुरुवातीला धरलेल्या जागेपासून किती सरकला हे सॉफ्टवेअर मोजतं आणि माउंटला उलट दिशेने तेवढंच सरकायला सांगतं. हे रात्रभर चालू राहतं. ताऱ्याचा ठिपका काही पिक्सेलवर पसरलेला असल्यामुळे त्याचा मध्य एका पिक्सेलच्या दहाव्या भागाइतक्या बारकाईने काढता येतो. छोट्याशा गायडस्कोपवर मोठी दुर्बीण सांभाळता येते ती यामुळेच.

पूर्वी हेच काम माणूस करायचा. लिक वेधशाळेत ई. ई. बर्नार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाशगंगेचे जे फोटो काढले, त्यासाठी ते तासन् तास आयपीसला डोळा लावून तारा आयपीसमधल्या बारीक तारांच्या फुलीवर धरून ठेवत. ते फोटो एकदा जरूर पाहा.

माउंटला मोटार आहे, ट्रॅकिंग आहे. मग गायडर कशाला?

आकाश सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं आणि माउंट त्याच वेगाने फिरतो. पण तो फिरतो वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि वर्मव्हीलवर (त्याने फिरणारं दातेरी चाक), आणि कुठलाही वर्म शंभर टक्के अचूक कापलेला नसतो. त्यामुळे वर्मच्या प्रत्येक फेऱ्यात माउंट थोडा पुढे पळतो, मग थोडा मागे राहतो. यालाच पीरियॉडिक एरर म्हणतात. स्काय-वॉचरच्या ईक्यू६ जातीच्या माउंटमध्ये वर्मव्हीलला १८० दाते आहेत, म्हणून वर्मचा एक फेरा सुमारे ४७९ सेकंदांचा. एचईक्यू५ला १३५ दाते, म्हणून फेरा सुमारे ६३८ सेकंदांचा.

समजा तुमच्या ईक्यू६ची चूक दोन्ही बाजूंना १० आर्कसेकंद आहे. चढ सगळ्यात तीव्र असतो त्या वेळी एका मिनिटात तारा जवळपास ८ आर्कसेकंद घसरतो. ४०० मिमीची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा असेल तर एक पिक्सेल म्हणजे १.९ आर्कसेकंद, म्हणजे तारा चार पिक्सेल लांब. तोच कॅमेरा १३५ मिमीच्या लेन्सवर लावला तर घसरण दीड पिक्सेलच्या आत राहते. माउंट तोच, चूक तीच, पण एका फोटोत ती डोळ्यांत भरते आणि दुसऱ्यात जेमतेम दिसते.

म्हणजे मला आत्ताच गायडर हवा का?

१३५ किंवा २०० मिमीच्या लेन्सने एक-एक मिनिटाचे फोटो घेत असाल तर घाई नको. आधी तिपाई भक्कम करा, तोल साधा, पोलर अलाइनमेंटचा (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्याचा) हात बसवा. ४०० मिमीच्या पुढे गेलात, किंवा नॅरोबँड (प्रकाशाचा अरुंद पट्टाच येऊ देणारा) फिल्टर लावून तीन ते पाच मिनिटांची एक्स्पोजर घ्यायची असतील, तर गायडरशिवाय निम्म्या फ्रेम फेकून द्याव्या लागतील.

आणखी एक कारण आहे आणि ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं: डिदरिंग. प्रत्येक फ्रेमनंतर माउंट जाणूनबुजून काही पिक्सेल इकडेतिकडे हलवायचा, म्हणजे स्टॅकिंग करताना (फोटो एकावर एक रचताना) कॅमेऱ्याचे हॉट पिक्सेल आणि ठरावीक नॉइज पुसले जातात. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या रात्री गरम असतात आणि बरेच जण कूलिंग नसलेला डीएसएलआर वापरतात. त्यांच्या फोटोंत एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसणाऱ्या रंगीत रेघा असतात, त्या डिदरिंगने जातात. गायडर असला की डिदरिंग आपोआप करता येतं.

गायडस्कोप किती मोठा घेऊ?

इथे अंदाजापेक्षा गणित करा. सूत्र एकच आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि फोकल लेंथच्या मिलिमीटरने भागा. उत्तर येतं एका पिक्सेलमागे किती आर्कसेकंद. आधी हे मुख्य दुर्बिणीसाठी काढा, मग गायडरसाठी. गायडरचा आकडा मुख्य आकड्याच्या चार-पाच पटींच्या आत असला की काम भागतं.

उदाहरणच घेऊ. बाजारात सर्रास मिळणारा ३० मिमी एफ/४ गायडस्कोप, फोकल लेंथ १२० मिमी. त्यामागे ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा एएसआय१२० एमएम मिनी हा गायड कॅमेरा. एका पिक्सेलला सुमारे ६.४ आर्कसेकंद. मुख्य दुर्बीण वरचीच ४०० मिमीची, १.९ आर्कसेकंद. गुणोत्तर साडेतीनच्याही आत, म्हणजे छान जमतंय. पण हाच संच १००० मिमीच्या न्यूटोनियनवर (आरशाच्या दुर्बिणीवर) लावला तर मुख्य बाजूला एका पिक्सेलला पाऊण आर्कसेकंद आणि गुणोत्तर आठच्या वर जातं. तारे फुगीर येतील आणि दोष नेमका कुठे आहे ते कळणार नाही. तिथे ६० मिमीचा, २४० मिमी फोकल लेंथचा गायडस्कोप आणि २.९ मायक्रॉनचा एएसआय२९० एमएम मिनी लावा, आकडा अडीचवर येतो आणि गुणोत्तर पुन्हा साडेतीनच्या आत.

मोठा गायडस्कोप म्हणजे चांगलं गायडिंग असं नाही. तो जड असतो, वारा जास्त धरतो, आणि त्याचं दृश्यक्षेत्र लहान असल्याने तारे कमी मिळतात. ३० मिमीच्या संचात सव्वादोन अंश रुंद आकाश येतं, तिथे गायड करायला तारा नाही असं सहसा होत नाही. ३५० ते ५०० मिमीची रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) असेल तर ३० मिमीचाच घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या रिंग आणि केबलवर घाला.

गायड कॅमेरा रंगीत घ्यावा की मोनो?

मोनो. रंगीत सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलपुढे लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो, त्यात प्रकाश वाया जातो. तुमच्याकडे ग्रहांचे फोटो काढायला घेतलेला रंगीत कॅमेरा आधीच असेल तर मात्र सुरुवात त्यावरच करा, नवा घ्यायची गरज नाही. जुना वेबकॅम नको. त्याला एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर जमत नाही आणि मग फक्त ठळक तारेच दिसतात.

मेगापिक्सेल बघू नका. गायडिंगला १२८० बाय ९६० पुरेसं आहे.

ऑफ-ॲक्सिस गायडर कधी घ्यावा?

श्मिट-कॅसेग्रेन जातीची आरशाची दुर्बीण असेल तर पहिल्यापासूनच. त्यातला मुख्य आरसा फोकस करताना मागेपुढे सरकतो, त्यामुळे तो पूर्ण घट्ट नसतो आणि दुर्बीण कलली की किंचित झुकतो. वेगळ्या गायडस्कोपला हे दिसतच नाही. ऑफ-ॲक्सिस गायडरमध्ये एक छोटा प्रिझम मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशझोताच्या कडेचा तुकडा गायड कॅमेऱ्याकडे वळवतो. आरसा हलला तर तो हलणंही गायडरला दिसतं.

अडचण ताऱ्यांची येते. लांब फोकल लेंथवर आणि छोट्या सेन्सरवर आकाशाचा इतका लहान तुकडा येतो की गायड तारा शोधत बसावं लागतं. इथे सेन्सरचा आकार कामी येतो. एएसआय१७४ एमएम मिनीचा सेन्सर १२० एमएमच्या साडेचार पटींहून मोठा आहे आणि ऑफ-ॲक्सिससाठी लोक तो घेतात ते याच कारणाने. शिवाय प्रिझम, गायड कॅमेरा आणि मुख्य कॅमेरा एकाच वेळी फोकसमध्ये आणायला स्पेसर जुळवावे लागतात. हे काम दिवसा, दूरच्या टॉवरवर दुर्बीण लावून करा. रात्री अंधारात करायला गेलात तर ती रात्र त्यातच जाते.

८०० मिमीच्या खालच्या रिफ्रॅक्टरला ऑफ-ॲक्सिस घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

गायडस्कोप बसवताना काय बघावं?

घट्टपणा. बाकी सगळं नंतर. गायडरचा आलेख सुरेख आणि फोटोत तारे मात्र सगळे एकाच दिशेने लांबट, ही तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा कारण असं असतं की गायडस्कोप आणि मुख्य दुर्बीण एकमेकांच्या संदर्भात हळूहळू हलत असतात. गायडर आपला तारा इमानदारीने धरून ठेवतो, पण मुख्य दुर्बीण दुसरीकडेच सरकत असते.

घरीच करून बघण्यासारखी चाचणी आहे. गायड कॅमेऱ्यातला तारा स्क्रीनवर मोठा करून ठेवा. गायडस्कोपच्या टोकाला एका बोटाने हलकेच दाबा आणि सोडा. तारा उडी मारेल, ते ठीक. सोडल्यावर तो जुन्या जागी परत आला पाहिजे. दोन-चार पिक्सेल बाजूला थांबला तर काहीतरी ढिलं आहे. फाइंडरच्या बुटाचा स्क्रू, स्प्रिंगवाली फाइंडर रिंग, फिरवून फोकस होणारा ड्रॉट्यूब, सगळं एकेक करून तपासा. फाइंडरच्या रिंगमध्ये एका बाजूला स्प्रिंग असते, ती डोळ्यांनी बघायला चालते, गायडिंगला नाही. दोन रिंग आणि पक्की डोव्हटेल पट्टी घ्या.

केबलही बघा. लोंबकळणारी यूएसबी केबल माउंट फिरताना गायडस्कोपला ओढते. ती दुर्बिणीला पट्ट्याने बांधून घ्या.

लॅपटॉप लागतोच का?

लागतोच असं नाही. तीन वाटा आहेत.

विंडोज लॅपटॉप असेल तर पीएचडी२ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मूळचं क्रेग स्टार्क यांनी लिहिलेलं आणि आता मुक्तस्रोत. गायडिंगमध्ये जे शिकायचं ते त्यातच शिकावं. त्यातलं गायडिंग असिस्टंट तुमच्या माउंटचा बॅकलॅश (दिशा बदलताना गिअरमधली ढिलाई) आणि आकाशाची थरथर मोजून सेटिंग सुचवतं, ते मानायला हरकत नाही. फोटो घेण्यासाठी जोडीला निना हे सॉफ्टवेअर वापरता येतं, तेही फुकट.

दुसरी वाट एएसआयएअरसारख्या छोट्या डब्याची. माउंटवरच बसतो, मोबाइलवरून चालतो, वीज कमी खातो. माळावर जिथे एका बॅटरीवर रात्र काढायची असते तिथे याचा मोठा आधार वाटतो. मात्र यात गायड कॅमेरा तो बनवणाऱ्या झेडडब्ल्यूओ कंपनीचाच लागतो, म्हणजे एकदा या घरात शिरलात की पुढची खरेदीही तिथेच. विचार करून घ्या. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर इंडी आणि एकोस ही सॉफ्टवेअर चालवणारेही बरेच आहेत. ज्यांना लिनक्सची सवय आहे त्यांना कंपनीचं बंधन नको असेल तर ही वाट चांगली.

तिसरी, एमजेन-३सारखा स्वतःचा पडदा असलेला स्वतंत्र गायडर. जोडा, तारा निवडा, चालू करा. कॉम्प्युटरचा कंटाळा असणाऱ्यांसाठी उत्तम, पण पुढे ऑटोफोकस, प्लेट सॉल्व्हिंग (फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बीण कुठे रोखली आहे ते ओळखणं) हवं झालं की कॉम्प्युटर येतोच.

एसटी-४ केबलने गायड करू की यूएसबीने?

एसटी-४ हे नाव एसबिग या अमेरिकी कंपनीच्या जुन्या ऑटोगायडरवरून आलं. या पोर्टमधून माउंटला फक्त चार दिशांचे इशारे जातात. दुर्बीण आकाशात कुठे रोखली आहे हे सॉफ्टवेअरला त्यातून कळत नाही, म्हणून लक्ष्य बदललं की कॅलिब्रेशन (कुठल्या इशाऱ्याने तारा किती आणि कुठे सरकतो ते सॉफ्टवेअरने मोजून घेणं) पुन्हा करावं लागतं. माउंट यूएसबीने जोडला आणि ॲस्कॉम किंवा इंडी या ड्रायव्हरमधून पल्स गायडिंग केलं (म्हणजे इशारे यूएसबीवरूनच दिले) तर एकदाचं कॅलिब्रेशन बरेच दिवस चालतं. शक्य असेल तर यूएसबीच. एसटी-४ जुन्या माउंटसाठी ठेवा.

स्टार ट्रॅकरला गायडर लावता येतो का?

लावता येतो. मूळचा स्टार ॲडव्हेंचरर हा ट्रॅकर फक्त एका अक्षावर, म्हणजे आरएमध्ये (पूर्व-पश्चिम) गायड होतो. त्यामुळे तिथे पोलर अलाइनमेंट चोख लागते आणि डिदरिंगही एकाच दिशेत होतं. जीटीआय मॉडेलला दोन्ही अक्षांना मोटार आहे.

ध्रुवतारा खूप खाली आहे. गायडर असला की पोलर अलाइनमेंट ढोबळ चालेल का?

ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो: पणजीला साडेपंधरा अंश, पुण्यात साडेअठरा, मुंबईत १९, नागपुरात २१. त्यामुळे तो कधी समोरच्या इमारतीमागे, कधी डोंगरामागे, कधी नुसत्या धुरक्यात दडतो. जागा निवडताना उत्तर बाजू मोकळी आहे ना हे आधी बघा. ध्रुवतारा दिसतच नसेल तर निनातलं तीन बिंदूंचं पोलर अलाइनमेंट किंवा पीएचडी२मधलं ड्रिफ्ट अलाइनमेंट वापरा, दोन्हींना ध्रुवतारा लागत नाही.

किती अचूक हवं? अलाइनमेंट ५ कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकली तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १.३ आर्कसेकंद सरकतो. गायडर हे सहज सावरतो. एक-दोन अंशांची चूक असेल तर मात्र गायडर गायड तारा जागेवर धरतो आणि बाकीचं आकाश त्याच्याभोवती फिरतं, फोटोच्या कडेचे तारे वाकतात. ते कुठलाही गायडर थांबवू शकत नाही. उलट बाजूने, एका कलेच्या आत आणण्यासाठी अर्धी रात्र घालवण्यातही अर्थ नाही. पुण्याच्या अक्षांशावर वातावरणातल्या वक्रीभवनामुळे ध्रुव मुळातच खऱ्या जागेपेक्षा जवळपास ३ कलांनी वर दिसतो. ५ कलांच्या आत आलात की पुढच्या कामाला लागा.

डेक्लिनेशनच्या (उत्तर-दक्षिण अक्षाच्या) गिअरमध्ये बॅकलॅश खूप असेल तर ही थोडीशी चूक उपयोगीही पडते. तारा एकाच दिशेने हळू सरकत राहतो, पीएचडी२ला सांगायचं की फक्त त्याच्या उलट दिशेने गायड कर. गिअरला दिशा बदलावीच लागत नाही.

कॅलिब्रेशन कुठे करावं?

मध्यमंडलाजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) आणि खगोलीय विषुववृत्ताजवळ, कारण तिथे ताऱ्यांची हालचाल सगळ्यात मोठी दिसते. थंडीत मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे सोयीचे. त्यांतला मिंटाका जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. उन्हाळ्यात चित्रेच्या आसपास करा. ध्रुवाच्या जवळ कॅलिब्रेशन करू नका.

आरएमएस किती आला म्हणजे चांगला?

आरएमएस म्हणजे गायड तारा जागेवरून सरासरी किती हलला त्याचा आकडा. तो तुमच्या मुख्य दुर्बिणीच्या एका पिक्सेलच्या आर्कसेकंदांपेक्षा कमी आला की पुरे. वरच्या ४०० मिमीच्या उदाहरणात १.९च्या खाली. कुणाचा ०.४ आला म्हणून तुम्हीही त्यामागे लागायची गरज नाही. आरए आणि डेक्लिनेशनचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते मात्र जरूर बघा. एकूण आकडा चांगला असूनही एक अक्ष दुसऱ्याच्या दुप्पट हलत असेल तर तारे अंडाकृती येतात.

आणि आलेख पिक्सेलमध्ये नाही, आर्कसेकंदांमध्ये लावा. त्यासाठी गायडस्कोपची फोकल लेंथ सॉफ्टवेअरमध्ये बरोबर भरलेली हवी.

गायड कॅमेऱ्याचं एक्स्पोजर किती ठेवू?

दोन सेकंदांपासून सुरुवात करा. अर्ध्या सेकंदाचं ठेवलं तर वातावरणाच्या थरथरीने ताऱ्याची जी लुकलुक होते तिलाच गायडर माउंटची चूक समजतो आणि विनाकारण हिसके देतो. दोन-तीन सेकंदांत ही थरथर सरासरीत बुडते. आकाश अस्वस्थ असेल तर तीनवर न्या. सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी अनेक तारे वापरण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, त्यानेही फरक पडतो.

अपवाद हार्मोनिक ड्राइव्हच्या (वर्मऐवजी लवचीक गिअर असलेल्या) माउंटचा, उदाहरणार्थ एएम५. हे हलके असतात, त्यांना वजनं लागत नाहीत आणि बॅकलॅश जवळजवळ नसतो. पण पीरियॉडिक एरर मोठी आणि तिचा चढही तीव्र. त्यांना अर्धा ते एक सेकंदाचंच एक्स्पोजर लागतं, म्हणून कॅमेरा संवेदनशील हवा. असा माउंट घेणार असाल तर गायडरचा खर्च त्याच हिशेबात धरा.

आलेख अगदी सपाट आहे, तरी तारे रेघांसारखे का?

आलेख संशयास्पद वाटावा इतका सपाट असेल तर बहुधा गायडरने ताऱ्याऐवजी हॉट पिक्सेल धरला आहे. तो सेन्सरवर जागचा हलत नाही, त्यामुळे चूक शून्य दिसते. टोपण लावून डार्क फ्रेमची लायब्ररी करा आणि गायडस्कोप किंचित डिफोकस करून बघा. तारा पसरतो, हॉट पिक्सेल टोकदारच राहतो.

शहरातल्या गच्चीवरून गायडिंग होतं का?

होतं. प्रकाश-प्रदूषणात तेजोमेघ बुडतात, पण गायडिंगला लागणारे सातव्या-आठव्या प्रतीचे तारे मोनो कॅमेऱ्याला पुण्या-मुंबईतूनही मिळतात. त्रास स्लॅबचा होतो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि आलेख काट्यांसारखा होतो. शिवाय शेजारून कुणी चाललं तरी हादरा बसतो. तिपाई तुळईच्या किंवा खांबाच्या वर येईल अशी ठेवा, पाय आखूड ठेवा, आणि एक्स्पोजर चालू असताना फिरू नका. वांगणीसारख्या मोकळ्या जागी किंवा २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झालेल्या पेंचच्या परिसरात न्यायचा संच आधी गच्चीवर दोन-चार रात्री चालवून बघा. तिथे पोहोचल्यावर ड्रायव्हर शोधायला रेंज मिळेलच असं नाही.

दव आणि पावसाळा?

डिसेंबर-जानेवारीत मुख्य दुर्बिणीला सगळे ड्यू हीटर (दव न धरू देणारी गरम पट्टी) लावतात आणि गायडस्कोपला विसरतात. मध्यरात्रीनंतर गायड तारा मंद होत होत नाहीसा झाला तर आधी त्याच्या काचेवर टॉर्च मारा. छोटी हीटर पट्टी आणि पुठ्ठ्याचा लांब ड्यू शील्ड एवढ्यावर भागतं.

जून ते सप्टेंबर गायडस्कोप आणि कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यातही काचेवर बुरशी धरते. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा सुकवा.

जुना गायडर घेतला तर चालेल?

बिनधास्त, पण हातात घेऊन बघून. गायडस्कोपमधून टॉर्चचा प्रकाश टाकून बुरशीचे धागे शोधा. फोकसर हलवून बघा, खुळखुळ असेल तर सोडा. कॅमेऱ्यावर टोपण लावून दोन सेकंदांची फ्रेम घ्या. थोडे हॉट पिक्सेल चालतात, सबंध ओळीच्या ओळी चमकत असतील तर नाही. यूएसबीचं पोर्ट ढिलं आहे का हे केबल हलवून तपासा, मधेच कनेक्शन तुटणारा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि त्या मॉडेलचा ड्रायव्हर सध्याच्या विंडोजवर चालतो याची खात्री पैसे देण्याआधी, विकणाऱ्यासमोर, तुमच्याच लॅपटॉपवर करून घ्या.